ओळख न पटलेली हार्ड डिस्क

सप्टेंबर १९८५ मध्ये ॲपल कंपनीने ‘हार्ड डिस्क २०’ नावाचा एक डबा बाजारात आणला. मॅकिन्टॉश कॉम्प्युटरच्या बरोबर खाली बसेल अशा मापाचा. किंमत १,४९५ डॉलर. तेव्हा डॉलर साधारण बारा रुपयांचा होता, म्हणजे आपले अठरा हजार रुपये धरा. आत जागा २० मेगाबाइट. आज सकाळी व्हॉट्सॲपवर येणारे सुप्रभातचे चार व्हिडिओसुद्धा त्यात दाटीवाटीने बसतील. पण त्या वेळी एवढी जागा म्हणजे चौसोपी वाडाच.

गंमत पुढे आहे. हा डबा आणला, वायर जोडली, त्यात सगळी सिस्टीम नीट भरून ठेवली, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मॅक सुरू केला की पडद्यावर फ्लॉपीचं चित्र आणि त्यात लुकलुकणारं प्रश्नचिन्ह. मग खणातून ४०० किलोबाइटची एक फ्लॉपी काढायची, मॅकच्या तोंडात घालायची, ती थोडा वेळ कुरकुरणार, आणि मग त्या यंत्राला कळणार की आपण ज्याच्या डोक्यावर बसलो आहोत ती हार्ड डिस्क आहे. पन्नास फ्लॉप्यांची जागा पायाशी, आणि तिचं दार उघडायला रोज एक फ्लॉपी!

हे असं का होतं, आणि त्यातून सुटका कशी झाली, एवढाच आजचा विषय. तुम्ही इंदूरहून ऐकत असा, बडोद्याहून किंवा हैदराबादहून, तुमच्या लॅपटॉपने आज सकाळी डोळे उघडले तेव्हा हाच प्रश्न त्याच्याहीपुढे होता. तो तुम्हाला दिसला नाही, इतकंच.

आधी पायाची गोष्ट. कॉम्प्युटर बंद केला की त्याची मेमरी कोरी होते. सुरू केल्यावर पहिल्या क्षणी त्याच्यापाशी फक्त रॉम असतो, म्हणजे कारखान्यात कायमचा कोरलेला मजकूर. रॉमचं काम फौजेतल्या गेटावरच्या संत्र्यासारखं. संत्र्याला पूर्ण छावणीचा कारभार माहीत नसतो आणि माहीत असण्याची गरजही नसते. त्याला दोन गोष्टी ठाऊक असल्या की पुरे: कोणत्या वाटेकडे पाहायचं आणि परवलीचा शब्द काय आहे. ‘थम, कौन आता है?’ असं तो विचारतो. बरोबर उत्तर आलं तर आत घेतो.

पहिल्या मॅकचा संत्री फक्त फ्लॉपीच्या वाटेकडे पाहायचा. फ्लॉपी आत आली की तिच्या सुरुवातीचे १,०२४ बाइट वाचायचे. त्यातली पहिली दोन अक्षरं ‘एल’ आणि ‘के’ असली तर ही सुरू करण्यालायक डिस्क आहे असं समजायचं आणि पुढचा कार्यक्रम तिच्या हाती सोपवायचा. एल आणि के ही लॅरी केनयनची आद्याक्षरं. मॅकच्या मूळ चमूतला हा प्रोग्रामर. डिस्कवर फायली ठेवण्याची व्यवस्था आणि सुरुवातीचा हा भाग त्यानेच लिहिला. आपल्याकडे गवंडी देवळाच्या पायरीवर नाव कोरतात. या गृहस्थाचं नाव मॅकच्या प्रत्येक स्टार्टअप डिस्कच्या उंबरठ्यावर होतं.

२४ जानेवारी १९८४ ला पहिला मॅक आला तेव्हा त्यात १२८ किलोबाइट मेमरी, ६४ किलोबाइट रॉम आणि एक फ्लॉपी ड्राइव्ह होता. हार्ड डिस्क नव्हतीच, आणि ती नंतर जोडता यावी अशी सोयही नव्हती. आत नवं कार्ड बसवायला स्लॉट नाही. मागच्या बाजूला माउस, दोन सिरियल पोर्ट, आवाजाचं भोक आणि जास्तीच्या फ्लॉपी ड्राइव्हसाठी १९ पिनांचं पोर्ट. संपलं. स्टीव्ह जॉब्जचं म्हणणं असं की ग्राहकाने डबा उघडायचाच नाही. डब्याच्या आतल्या बाजूला बनवणाऱ्यांच्या सह्या कोरल्या होत्या. त्या पाहायला लांब दांड्याचा खास स्क्रू-ड्रायव्हर लागायचा. मेमरी नंतर वाढवता यावी म्हणून बरेल स्मिथ या हार्डवेअर इंजिनिअरने बोर्डावर जास्तीच्या रेघा ओढून ठेवल्या, म्हणून वर्ष संपायच्या आत ५१२ किलोबाइटचा मॅक निघू शकला. डिस्कसाठी मात्र अशी चोरवाट कोणी ठेवली नव्हती.

माझं मत विचाराल तर जॉब्जचा हा हट्ट चुकीचा होता. वस्तू देखणी झाली हे कबूल. पण एका फ्लॉपीवर काम करणं म्हणजे काय हे ज्यांनी केलं त्यांना विचारा. सिस्टीम, ज्यात लिहायचं तो प्रोग्राम आणि लिहिलेला मजकूर, तिन्ही गोष्टी त्या ४०० किलोबाइटमध्ये. दुसऱ्या फ्लॉपीवर नक्कल करायची तर ही काढा, ती घाला, ती काढा, ही घाला. मॅकला फ्लॉपी बाहेर काढायचं बटणही नव्हतं. यंत्राच्या मर्जीने ती बाहेर यायची, आणि रुसली तर कागदाची पिन सरळ करून भोकात खुपसायची.

१९८५ साल ॲपलसाठी वाईट गेलं. जानेवारीत कंपनीने ‘मॅकिन्टॉश ऑफिस’ची घोषणा केली: लेझर प्रिंटर, मॅकना जोडणारं नेटवर्क, आणि सगळ्यांच्या फायली एका जागी ठेवणारी यंत्रणा. प्रिंटर आला, नेटवर्क आलं, पण फायली सांभाळणारा भाग काही आला नाही. त्यासाठीचं सॉफ्टवेअर यायला १९८७ उजाडलं. दरम्यान आयबीएमच्या पीसी-एक्सटीत १९८३ पासून १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. कचेरीत खरेदी करणारा माणूस दोन्ही यंत्रं शेजारी ठेवून काय ठरवेल? मॅकचा खप घसरला. मे महिन्यात जॉब्जच्या हातून मॅक विभाग काढून घेतला गेला, जूनमध्ये १,२०० लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि हार्ड डिस्क २० आली त्याच सप्टेंबरात जॉब्ज कंपनी सोडून गेला. त्या डब्यावर किती ओझं होतं ते यावरून लक्षात येईल.

बाहेरच्या कंपन्या थांबल्या नव्हत्या. कोणी मोडेमच्या पोर्टातून डिस्क जोडली. जनरल कॉम्प्युटर या कंपनीने तर ‘हायपरड्राइव्ह’ नावाची १० मेगाबाइटची डिस्क मॅकच्या पोटातच बसवली आणि जोडणी थेट प्रोसेसरशी केली. वेगवान काम, पण त्यासाठी डबा फोडायचा. ॲपलला स्वतःला हे करता येणार नव्हतं. विकलेले लाखो डबे उघडायचे नाहीत आणि तरी हार्ड डिस्क द्यायची, अशा पेचात सापडलेल्या इंजिनिअरांनी मागची पोर्टं पुन्हा एकदा न्याहाळली आणि फ्लॉपीचं पोर्ट निवडलं.

इथे तो संथपणा आला. फ्लॉपीचं पोर्ट सांभाळणारी चिप स्टीव्ह वॉझनियॅकच्या जुन्या डिस्क कंट्रोलरवरून बेतलेली. तिचा वेग सेकंदाला पाच लाख बिटांच्या आसपास, म्हणजे कागदावर साठेक किलोबाइट. एक्सटीतल्या डिस्कच्या तारेवरचा वेग याच्या दहापट होता. शिवाय या चिपची एक खोड: येणाऱ्या प्रत्येक बाइटचा पहिला बिट एकच असला पाहिजे, तरच तिला बाइट कुठे सुरू झाला ते कळतं. फ्लॉपीसाठी ते ठीक होतं. पण हार्ड डिस्कवरच्या माहितीत कुठलाही बिट कुठेही असणार. म्हणून दर सात बाइट पाठवताना आठ बाइट करून पाठवायचे, आठव्यात बाकीच्या सातांचे उरलेसुरले बिट बांधून. त्यातही प्रत्येक बाइट उचलायला मॅकच्या मुख्य प्रोसेसरलाच हात लावावा लागे. आत फिरणारी डिस्क पुरेशी चपळ होती. टाकी मोठी, नळ बारीक, अशातली गत.

तरीही ज्यांनी फ्लॉपीवर दिवस काढले त्यांना हा डबा वरदान वाटला. वेगाची तक्रार नंतर सुरू झाली. पहिल्या दिवसाची अडचण वेगळीच होती, आणि ती म्हणजे आपल्या सुरुवातीचं प्रश्नचिन्ह.

५१२के मॅकचा रॉम १९८४ चा. हार्ड डिस्क २० जन्मली १९८५ मध्ये. संत्र्याच्या आदेशपत्रात जिचं नाव नाही, तिला तो आत कसा घेणार? आणि अज्ञान एका गोष्टीचं नव्हतं, दोन गोष्टींचं होतं.

पहिलं अज्ञान तारेवरच्या बोलीचं. फ्लॉपीच्या पोर्टावर फ्लॉपीच असणार हे रॉमने गृहीत धरलेलं. तिथून सात-आठचा हिशेब करणारा पाहुणा बोलू लागला तर ते त्याला समजणार नाही.

दुसरं अज्ञान खतावणीचं. पहिल्या मॅकची फायली ठेवण्याची पद्धत सपाट होती. पडद्यावर फोल्डर दिसायचे, पण तो फाइंडर नावाच्या प्रोग्रामने केलेला देखावा होता. डिस्कवर सगळ्या फायली एकाच यादीत. फ्लॉपीवर पन्नास फायली असतील तर यादी वाचणं सोपं. २० मेगाबाइटवर हजारेक फायली झाल्या की यंत्र यादी वाचता वाचता दमणार. म्हणून पॅट्रिक डर्क्स आणि बिल ब्रफी यांनी नवी रचना केली, जिच्यात फोल्डरात फोल्डर खरोखरच असतात. तिचं नाव एचएफएस. ती पहिल्यांदा लोकांच्या हाती पडली ती या हार्ड डिस्क २० बरोबर. आयबीएमच्या जगातही हेच घडलं होतं: डॉसच्या पहिल्या आवृत्त्यांत एकच सपाट यादी, आणि एक्सटीबरोबर १९८३ मध्ये डॉस २.० आली तेव्हा डिरेक्टरीत डिरेक्टरी. घर मोठं झालं की कपाटं लागतात, दोघांनाही.

आता त्या फ्लॉपीचं काम कळेल. तिच्यावर ‘हार्ड डिस्क २०’ याच नावाची एक फाइल असायची. मॅक तिला एल-के पाहून आत घ्यायचा, कारण फ्लॉपी त्याच्या ओळखीची. सिस्टीम चढताना ती फाइल मेमरीत चढायची आणि जाता जाता दोन्ही धडे द्यायची: तारेवर कसं बोलायचं आणि नवी खतावणी कशी वाचायची. एवढं झालं की मॅक पुन्हा आजूबाजूला पाहायचा, हार्ड डिस्कवर सिस्टीम आहे का ते तपासायचा, आणि असली तर सगळा कारभार तिच्याकडे द्यायचा. मग फ्लॉपी आपोआप बाहेर. फौजेत याला आम्ही चार्ज देणं-घेणं म्हणतो. नवा अधिकारी येतो, जुना यादी समजावून देतो, सही होते आणि जुना आपली ट्रंक घेऊन निघतो. इथे हा समारंभ रोज सकाळी.

१२८ किलोबाइटच्या पहिल्या मॅकला ही सोयसुद्धा मिळाली नाही. दोन्ही धडे मेमरीत ठेवल्यावर तिथे काम करायला जागाच उरत नव्हती. १९८४ च्या जानेवारीत रांगा लावून २,४९५ डॉलर मोजणारे जे पहिले भक्त, त्यांच्यासाठी हा डबा नव्हताच. कंपन्या पहिल्या भक्तांशी अशाच वागतात, अजूनही.

आयबीएमवाल्यांनी यावरून ॲपलला हसू नये. त्यांचा १९८१ चा मूळ पीसी घ्या. त्याच्या पहिल्या बायॉसला बाहेरच्या कार्डावरचा रॉम शोधायला शिकवलंच नव्हतं. त्यामुळे हार्ड डिस्कचं कार्ड घालूनही त्या पीसीला डिस्कवरून सुरू होता येत नसे. ऑक्टोबर १९८२ च्या बायॉसमध्ये ही सुधारणा झाली, आणि आधीच्या पीसीत डिस्क हवी असेल तर बायॉसची चिप बदलावी लागे. सुधारणा मात्र सुरेख होती. नव्या बायॉसला कुठल्याही विशिष्ट डिस्कची माहिती दिली नव्हती. त्याला एवढंच सांगितलं होतं की मेमरीच्या ठरावीक पट्ट्यात थोड्या थोड्या अंतरावर डोकावत जा, ‘५५ एए’ अशी खूण दिसली तर तिथे कोणाचा तरी रॉम आहे असं समज आणि त्याला बोलू दे. डिस्क कशी चालवायची ते कार्ड स्वतः सांगेल.

आमच्या युनिटच्या ऑफिसात पहिला पीसी आला तो या आयबीएमच्या जातीचा, एक देशी नक्कल. त्याला हार्ड डिस्क नव्हती. डॉसची फ्लॉपी हवालदार क्लार्कच्या लोखंडी कपाटात, कपाटाची चावी त्याच्या कमरेला, आणि तो रजेवर गावी गेला की कॉम्प्युटरही रजेवर. ‘साहेब, मशीन ठीक आहे, फक्त फ्लॉपी गावाला गेली आहे,’ असं एक नायब सुभेदार साहेब मला अगदी गंभीरपणे म्हणाले होते. तेव्हा हसलो. आता वाटतं, बूट होणं म्हणजे काय याची इतकी नेमकी व्याख्या मी नंतर कुठल्याही पुस्तकात वाचली नाही.

ॲपलकडे परत येऊ. जानेवारी १९८६ मध्ये मॅक प्लस आला. त्याचा रॉम दुप्पट, १२८ किलोबाइटचा. हार्ड डिस्क २० ची बोली आणि एचएफएस दोन्ही त्यात कोरलेलं. आता तोच संथ डबा जोडून मॅक सुरू केला की फ्लॉपीविना थेट डिस्कवरून चालू. एप्रिलमध्ये हाच रॉम घालून ५१२केई नावाचं मॉडेल आलं. जुन्या मॅकवाल्यांसाठी नवा रॉम आणि ८०० किलोबाइटचा फ्लॉपी ड्राइव्ह असा एकत्र संचही ॲपलने विकला. म्हणजे डिस्क तीच, तार तीच, वेग तोच. बदललं काय, तर संत्र्याच्या हातातलं आदेशपत्र.

पण प्लसमध्ये याहून मोठी एक गोष्ट होती. मागच्या बाजूला स्कझी नावाचं नवं पोर्ट आलं, कितीतरी वेगवान, एकाच माळेत सात उपकरणं घेणारं. आता प्रश्न असा: उद्या शंभर कंपन्या शंभर प्रकारच्या डिस्का बनवतील, त्या सगळ्यांची माहिती आज रॉममध्ये कशी कोरणार? ॲपलने उत्तर काढलं ते आयबीएमच्या कार्डाच्या वळणावरचं, पण एक पाऊल पुढचं. रॉम माळेतल्या प्रत्येक डिस्कला विचारणार, तुझा अगदी पहिला तुकडा दे. त्यात ‘ई’ आणि ‘आर’ ही अक्षरं असली तर तिथेच लिहिलेलं असणार की ही डिस्क चालवायचा प्रोग्राम डिस्कवर अमुक जागी आहे. तो उचलायचा, मेमरीत घ्यायचा आणि त्याच्याच मदतीने डिस्क वाचायची. पाहुणा आपलं ओळखपत्र स्वतःच्या खिशात घेऊन येतो. हार्ड डिस्क २० ला जे मिळालं नव्हतं ते हेच. फ्लॉपीच्या पोर्टावर असा प्रश्न विचारायची रीतच नव्हती.

या बदलाने हार्ड डिस्क २० वर्षभराच्या आत जुनी झाली. पुण्या-मुंबईच्या छापखान्यांत पुढे डीटीपी आलं तेव्हा मॅकला जोडलेल्या डिस्का या स्कझीच्या.

स्कझी डिस्का वेगवान खऱ्या, पण त्यांनी संथपणाचा एक वेगळा नमुना दाखवला. तो तुमच्यापैकी ज्यांच्याकडे जुना मॅक आहे त्यांच्या उपयोगाचा आहे. पुतण्याने कॅलिफोर्नियातून आणलेला एक मॅक प्लस माझ्या टेबलावर आहे. तिकडचा असल्याने ११० व्होल्टचा, म्हणून शेजारी विटेएवढा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. सोबत एक जुनी बाहेरची स्कझी डिस्क. तिला सुरू केलं की आधी एक लांब गुणगुण, ती हळूहळू चढत जाते, मग दोन-तीन टकटक, आणि तेव्हा कुठे डिस्क उत्तर द्यायला तयार. म्हाताऱ्या डिस्कला यात बराच वेळ लागतो. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर लावून एकदम बटण दाबलं तर मॅक आपली मेमरी तपासून डिस्कला हाक मारतो तेव्हा ती अजून वेग घेत असते. हाकेला ओ नाही, की पडद्यावर प्रश्नचिन्ह. डिस्क बिघडलेली नसते. म्हणून क्रम कायम हा: आधी डिस्क, तिची गुणगुण स्थिर होऊ द्या, मग कॉम्प्युटर. प्रश्नचिन्ह आलंच तर डिस्क पूर्ण वेगात आल्यावर मॅक रीस्टार्ट करा.

याची उलट बाजूही आहे. मॅक प्लसच्या अगदी पहिल्या रॉममध्ये एक चूक राहिली होती: स्कझी डिस्क जोडलेली असेल पण बंद असेल, तर मॅक सुरूच होत नसे. फ्लॉपी घालूनही नाही. नंतरच्या रॉममध्ये ती दुरुस्त झाली. तुमचा प्लस असा हटून बसला तर डिस्क चालू तरी करा, नाहीतर तिची तार काढून ठेवा.

हार्ड डिस्क २० चे मूळ डबे आता चाळिशी गाठून बसलेत. त्यांतल्या फिरत्या डिस्का एकेक करून मान टाकतात. म्हणून जुन्या मॅकचे शौकीन हल्ली ‘फ्लॉपी ईमू’ नावाचा तळहाताएवढा बोर्ड त्या १९ पिनांच्या पोर्टाला जोडतात. आत मोबाइलमधलं असतं तसं मेमरी कार्ड, आणि तो बोर्ड मॅकला सांगतो की मी हार्ड डिस्क २० आहे. त्याच बारीक नळाने, सात बाइटांचे आठ करून. मॅक प्लस किंवा ५१२केई असेल तर तो यावरून सरळ सुरू होतो. जुन्या ६४ किलोबाइट रॉमचा ५१२के मात्र आजही प्रश्नचिन्ह दाखवतो आणि ती ‘हार्ड डिस्क २०’ फाइल असलेली फ्लॉपी मागतो.

पुढच्या भागात मॅकिन्टॉश ऑफिसमधली जी गोष्ट खरोखर चालली तिच्याकडे जाऊ: लेझर प्रिंटर.